क्रॅनहिलच्या बोगद्यात मी अंगावर नव्हतो

मित्रांनो, माझा रंग एकेकाळी झेंडूसारखा केशरी होता, हे आज सांगून कोणाला पटणार नाही. आता मी तेलकट, तपकिरी आणि पाठीत चेपलेला आहे. मी एक जुने लाइफ जॅकेट आहे.

समुद्राकाठच्या एका कारखान्यात बायकांनी माझ्या पोटात फोमचे जाड थर भरले आणि मला शिवले. मग मला वजन बांधून पाण्याच्या टाकीत सोडले. मी बुडालो नाही. शिक्का मारणाऱ्या बाईने माझ्या पाठीवर थाप मारली. ती माझी पहिली शाबासकी.

मला विकत घेतले नोरीन ट्रँटरने, तिच्या नवऱ्यासाठी. तिचा नवरा क्लेम तीस वर्षे ट्रक चालवून निवृत्त झाला होता. दोघांनी घर विकून 'डॅमसन' नावाची लांबट, अरुंद होडी घेतली आणि कालव्यावरच संसार मांडला. क्लेम मागे उभा राहून सुकाणूचा दांडा धरी. नोरीन आत स्वयंपाक करी आणि दर वळणाला डोके बाहेर काढून त्याला काहीतरी ऐकवी.

कालवा डोंगराखालच्या बोगद्यात शिरायचा, तिथे ती होडी थांबवायलाच लावायची. मग मला खुंटीवरून काढून त्याच्यापुढे धरायची.

"क्लेम, घाल."

"अगं, कमरेएवढं पाणी आहे. यात बुडायला मला आडवं झोपावं लागेल."

"झोपशीलही. तुझा काय भरवसा? घाल म्हणते ना!"

तो कुरकुरत हात घाली. तोवर ती पुढचा मोठा दिवा लागतो का पाही, आतले सगळे दिवे लावी, म्हणजे खिडक्यांतून उजेड पडून बोगद्याच्या भिंती दिसत. मग भोंगा वाजवून ती म्हणे, "चला, ट्रक ड्रायव्हर." एका मार्चमध्ये क्लेम काठावरच्या बर्फावरून घसरून पाण्यात पडला, तेव्हा मी त्याचे डोके वर धरून ठेवले. त्या दिवशी नोरीनने मला शेगडीजवळ वाळत घातले आणि माझ्याकडे बघत बराच वेळ उभी राहिली.

नंतर नोरीन आजारी पडली. पानगळ सुरू होण्याआधीच ती गेली.

क्लेमने होडी विकली नाही. तो एकटाच फिरू लागला. जेवण डबाबंद, बोलणे जवळजवळ बंद. मी खुंटीवर धूळ खात होतो. एके दिवशी त्याने मला काढले तेव्हा मला केवढा आनंद झाला! पण त्याने मला सुकाणूजवळच्या दाराच्या गार लोखंडी कठड्यावर ठेवले आणि माझ्यावर बसला. दोन वर्षे तो तसाच बसत होता. माझ्यातला फोम दबत गेला, कडक झाला. खोटे कशाला बोलू, मला तेही आवडत होते. निदान मी त्याच्या जवळ होतो.

त्या नोव्हेंबरात क्रॅनहिलच्या बोगद्यापाशी आम्हाला बेरील ओनियन्स भेटली. ती कालव्यावर होडीतून कोळसा आणि डिझेल विकते. नोरीनची जुनी मैत्रीण. दर महिन्याप्रमाणे तिने दुरूनच विचारले, "जॅकेट कुठंय रे तुझं?"

"बसलोय त्याच्यावर. ऊब लागते."

"अंगात घालायचं असतं ते, गाढवा. आणि आतले दिवे का बंद?"

"बॅटरी कमी आहे."

"मग थांब इथंच. उद्या जा. तीन हजार यार्डांचा बोगदा आहे, आत बाजूला पाय ठेवायला जागा नाही. काही झालं तर..."

"नोरीनची जागा रिकामी आहे, म्हणून तुला कोणी तिथं नेमलेलं नाही, बेरील."

बेरीलचे तोंड एवढेसे झाले. तिने दोर सोडला. "मी पुढं जाते. पलीकडं किटली ठेवते," एवढेच म्हणाली आणि तिची जड होडी आत शिरली.

अर्ध्या तासाने क्लेम निघाला. भोंगा त्याने वाजवला नाही.

आत पुढचा दिवा मिणमिणता होता. भिंती दिसत नव्हत्या. बोगद्याच्या छताला वर डोंगरापर्यंत हवेसाठी विहिरीसारखी भोके आहेत, त्यांतून पाणी गळते. तिसऱ्या भोकाखाली ते बर्फगार पाणी थेट क्लेमच्या मानेवर कोसळले. तो दचकून उठला. हातातून दांडा सुटला. होडीचे नाक विटांच्या भिंतीवर आदळले, सुटलेला दांडा गर्रकन फिरला आणि त्याच्या बरगड्यांवर बसला. तो मागच्या बाजूने पाण्यात गेला. त्याच धक्क्याने मी पायऱ्यांवरून आत होडीत पडलो.

इंजिन चालूच होते.

"ए, थांब! थांब म्हणतो ना!" क्लेम ओरडला. एखाद्या सुटलेल्या कुत्र्याला ओरडावे तसा तो होडीला ओरडत होता. मग खोकण्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा "थांब", पण आता दुरून. होडी या भिंतीला, त्या भिंतीला घासत पुढे जात राहिली. मला हात नाहीत, मित्रांनो. मी जमिनीवर पडून ऐकत होतो, आणि काही वेळाने ऐकायलाही काही उरले नाही.

बोगद्याबाहेर बेरील दोन कप मांडून बसली होती. रिकामी होडी बाहेर आलेली पाहताच ती उडी मारून चढली, इंजिन बंद केले आणि काळोखात त्याला हाका मारत सुटली. बचावपथकाला छोटी होडी घेऊन येऊन आत पोचायला दीड तास लागला. क्लेम छातीएवढ्या पाण्यात उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलेला. भिंतीवर आधारासाठी लावलेली साखळी त्याने मनगटाला गुंडाळली होती. ती सोडवायला दोन माणसे लागली. त्याच्या छातीत पाणी गेले होते; इस्पितळात तो दोनच दिवस जगला.

आज त्याची मुलगी मॅक्सीन होडी आवरायला आली. मला उचलून तिने बेरीलला विचारले, "मावशी, हे घातलं असतं तर बाबा वाचले असते ना?"

 बेरीलने मला बाहेर नेले, होडी बांधायच्या लोखंडी खुंट्यांची पिशवी माझ्या पट्ट्यांना अडकवली आणि मला पाण्यात सोडले.

मित्रांनो, मी सगळा जोर लावला. टाकीतला तो दिवस आठवून लावला. तरी मी हळूहळू खाली गेलो.

मला लांब आकड्याने वर ओढून घेताना बेरील म्हणाली, "नसता वाचला गं. याच्यावर बसलेला मी त्याला दर महिन्याला बघत होते. घाल, घाल म्हणत राहिले. हातात घेऊन दाबून कधी बघितलं नाही."

मॅक्सीनने मला तसेच ओले छातीशी धरले. "आठवण म्हणून ठेवू?"

"ठेव. पण आधी याचे पट्टे काप. उद्या कोणीतरी विश्वासानं अंगात घालेल."

मित्रांनो, बेरीलचे बरोबर आहे. तुमच्याकडे माझे कोणी भावंड असेल तर त्याच्यावर बसू नका, त्याच्यावर ओझे ठेवू नका. त्याला दोन्ही हातांनी दाबा. ते परत फुलून आले नाही तर त्याची दया करू नका, नवे आणा. आणि काळोखात एकटे शिरणार असाल तर आपले माणूस पाठीशी नाही हे आधी नीट लक्षात घ्या. दिवा बघा, भोंगा वाजवा, कोणी "उद्या जा" म्हटले तर रागावू नका. क्लेम वाईट नव्हता. त्याला फक्त कोणाचे ऐकायचे नव्हते.

आता पुरे. मॅक्सीनला कात्री सापडली आहे.