मेणातल्या गाठी

इस्पितळाच्या तळघरातल्या बाईंना सगळे मेणकाकू म्हणत. रुग्णाच्या अंगातून काढलेला तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा, त्याच्या केसाहून पातळ चकत्या कापायच्या आणि तपासणीला वर पाठवायच्या, हे त्यांचं अठ्ठावीस वर्षांचं काम. उरलेली वडी कपाटात जाई. दहा वर्षांनी ती फेकायची असा नियम होता. काकूंनी आजवर एकही फेकली नव्हती. साहेबांनी त्याबद्दल विचारलं की त्यांना नेमकं कमी ऐकू येई.

आता मात्र साहेब हट्टाला पेटले होते. तळघरात नवं यंत्र यायचं होतं, महिनाअखेरीला कपाटं रिकामी हवीत म्हणाले. त्या वड्यांत काकूंच्या थोरल्या जावेची एक होती. छातीतली गाठ साधी आहे, असा अहवाल आला होता. पाच वर्षांनी त्याच जागी कॅन्सर निघाला आणि जाऊबाई गेल्या. चकत्या काकूंनीच कापल्या होत्या. आपला हात चुकला का, वाईट भाग वडीतच राहून गेला का, हा प्रश्न तेव्हापासून त्यांचं मन खात होता. आणि वडी कचऱ्याच्या भट्टीत गेली की उत्तरही जाणार होतं.

अशात वरच्या मजल्यावरची संशोधक मुलगी परवानगीचा कागद नाचवत खाली आली.

"काकू, छातीतल्या, साध्या ठरलेल्या जुन्या गाठी द्या. निम्म्या पुढे कॅन्सर झालेल्या बायकांच्या, निम्म्या ठणठणीत राहिलेल्यांच्या. पेशी दिसायला साध्या असतील, पण आत कुठलं जनुक जोरात कामाला लागलंय आणि कुठलं गप्प बसलंय, ते मोजायचंय."

साहेब म्हणाले, "महिनाअखेरीपर्यंत काय ते दाखवा. नाहीतर कचरा तो कचराच."

काकूंनी साठ वड्या काढून दिल्या, जावेचीही. नावांची आणि पुढे कुणाचं काय झालं त्याची वही स्वतःकडे ठेवली, वड्यांवर नुसते आकडे. तिसऱ्या दिवशी मुलगी रडवेली होऊन परतली.

"पाच वड्या करून बघितल्या, सगळा भुगा. कामाला लागलेलं जनुक पेशीत जे निरोप धाडतं, ते तुटून गेलेत. जुन्या मेणात काही टिकत नाही."

"कापलंस कुठून?"

"वरून. पहिल्याच चकत्या घेतल्या."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अगं शहाणे, ती बाजू इतकी वर्षं हवा खात बसलीय! पावाचा वाळलेला काप आपण बाजूला काढतो की नाही? सरक."

त्यांनी वड्या बर्फावर थंड केल्या, नवं पातं चढवलं आणि बसल्या. प्रत्येकीच्या पहिल्या दहा चकत्या सरळ टोपलीत. पुढच्या मुलीच्या नळीत. मग तळापर्यंत मधूनमधून एकेक चकती काचेवर, तज्ज्ञांना पुन्हा बघायला. चार दिवस मान धरली, पण दुसऱ्या कुणाला पात्याजवळ फिरकू दिलं नाही.

या वेळी निरोप शाबूत निघाले. चाळीस वड्यांच्या बायकांचं पुढे काय झालं ते काकूंनी सांगितलं, त्यावरून मुलीने नऊ जनुकांची धोक्याची खूण शोधली. उरलेल्या वीस वड्यांवर ती पारखायची ठरली, साहेबांच्या खोलीत, सगळ्यांसमोर. मुलगी आपला निकाल वाची, काकू वही उघडून खरं काय झालं ते सांगत.

"एक, धोका." "बरोबर." "दोन, नाही." "बरोबर." सातवा चुकला, साहेब खाकरले. मग पुन्हा बरोबर, बरोबर, बरोबर.

"चौदा, धोका."

काकूंनी वहीतल्या नावावर बोट ठेवलं. "बरोबर," त्या कशाबशा म्हणाल्या. "आमच्या जाऊबाई." मग हळूच विचारलं, "आणि काचेवर? काचेवर काय दिसलं?"

मुलीने कागद उलटला. "काही नाही. तळापर्यंत एकाही चकतीत कॅन्सरची पेशी नाही. काकू, तुमचा हात चुकला नव्हता. दिसण्यासारखं तेव्हा काही नव्हतंच. जनुकांना मात्र माहीत होतं."

वीसपैकी अठरा बरोबर आले. खोलीत टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. काकू मनसोक्त रडल्या, पदर नाकाला लावला आणि साहेबांकडे वळल्या.

"ते नवं यंत्र," त्या म्हणाल्या, "या खोलीत छान मावेल. मी मघाशीच माप घेतलंय."