काचेची काळी कड

मित्रांनो, मी आहे एक जुना काळा पुठ्ठा. जन्मलो खोक्याचं झाकण म्हणून. थोरल्या फोटोवाल्यानं काळा रंग दिला अन् कामाला लावलं. काचेची बाटली फोटोला आली की मला हाक यायची. थोरला गेला, त्याच्या मुलानं, धाकट्यानं, झगमगीत दिवा आणला, आणि मी कोपऱ्यातल्या स्टुलावर आडवा पडलो तो पडलोच.

एकदा धाकट्याची आत्या आली. ती भट्टीवर काच फुंकून भांडी घडवायची. फुंकून फुंकून छाती थकली, भट्टी विझवली. हातात शेवटची सुरई होती. दुपारी गिऱ्हाईक ती नेणार होतं.

"एक फोटो काढ रे. ही जाईल, तो तरी राहील."

धाकट्यानं दिवा समोर लावला. सुरईत दिवा दिसला, खिडकी दिसली.

"अरे, हिच्या पोटात तुझंच पोट दिसतंय!"

मग त्यानं मागे पांढरं कापड ताणलं, दिवा कापडामागे नेला. झालं! सुरई उजेडात साखरेसारखी विरघळली.

"गेली कुठे माझी?"

"आहे गं. दिसत नाही एवढंच."

मी नुसता तडफडत होतो. अरे शहाण्या, डोळ्याला काजळ, तशी काचेला काळी कड लागते! पण पुठ्ठ्याचं ऐकतो कोण?

शेवटी खिडकीची तिरीप अडवायला त्यानं मला उचललं आणि सुरईच्या डाव्या अंगाला उभं केलं. काय सांगू! तिकडची कड काजळाचं बोट ओढावं तशी उमटली. धाकटा धावला, माझ्या जुळ्या भावाला अडगळीतून आणून उजवीकडे उभं केलं. पाण्यासारखी सुरई, तिला दोन काळ्याभोर कडा. आत्या डोळे पुसत राहिली.

फोटो निघाला, गिऱ्हाईक सुरई घेऊन गेलं. मग धाकट्यानं फोटो पडद्यावर मोठा केला. डाव्या कडेवर, गळ्याखाली, फिकट चंद्रकोर!

"हा डाग माझ्या काचेत नव्हता."

"काचेत नाही आत्या, पुठ्ठ्यावर आहे." एवढी वर्षं तो माझ्यावर चहाचे कप ठेवत होता. गोल गोल रंग उडाला होता, तोच काचेत उमटला. "थांब, कॉम्प्युटरवर पुसतो."

"तू पुसशील तिथली काच तुझी होईल, माझी नाही. दुसरा काढ ना."

"कशाचा काढू, आत्या?"

मित्रांनो, कौतुक खुशाल दिव्याचं करा. आम्हाला फक्त कोरडं आणि उभं ठेवा. कपासाठी टेबल आहे ना?