हिरव्या पतंगांच्या दोन जाती

रागिणीच्या जिवाला चैन नव्हती. शेंदूरजनाघाटच्या संत्राबागेतून गोळा करून अकोल्याला घरी आणलेल्या इवल्याशा हिरव्या पतंगांच्या तिने दोन जाती ठरवल्या होत्या, एक गर्द हिरवी आणि एक पिवळसर. उद्या अमरावतीला कॉलेजच्या सरांना दाखवायच्या, म्हणून ती सारखा डबा उघडून पाहत होती. आता गर्द हिरवे सगळे पिवळे पडले होते.

"आई, याले हात कोणं लावला?"

"म्या. अकोल्याचं ऊन केवढं तापून राहिलं. कोथिंबिरीवानी वल्लं फडकं घातलं," गोदाबाई म्हणाली.

रागिणी भांडायला वळली आणि थबकली. पिवळसर पतंग तिने दवात मरून पडलेले उचलले होते. तिने दोन्ही शेजारी ठेवले. पंखांवरच्या रेघा तंतोतंत सारख्या होत्या; फरक फक्त ओलीने उडालेल्या रंगाचा होता.

"खराब झाले काय वं?"

"नाई. एकाच घरचे निघाले."

सरांना सांगायला तिने फोन उचलला, ठेवला आणि पुन्हा उचलला.