लांबचा चष्मा

चष्मेवाल्याने बायकोचा नवा चष्मा तयार करून आठ दिवस झाले होते, पण तो दुकानाच्या खणात फडक्यात गुंडाळून पडला होता. तिने विचारलं की "काच यायची आहे" हे ठरलेलं उत्तर. एकतीस वर्षांच्या संसारात इतक्या सरळ चेहऱ्याने तो कधी खोटं बोलला नव्हता.

कारण गच्चीत होतं. लढाई सुरू झाल्यापासून संध्याकाळी साडेपाचच्या ठोक्याला आपल्या तोफा नदीपलीकडच्या शत्रूच्या शहरावर सुटायच्या. नदी कसली, जरा मोठा ओढाच. पलीकडून उत्तर येणं केव्हाच थांबलं होतं, त्यामुळे अख्खी इमारत खुर्च्या घेऊन बिनघोर वर जमायची. गोळा लागला की टाळ्या. बायको पहिल्या रांगेत. जुना चष्मा फुटलेला, त्यामुळे तिला धड काही दिसायचं नाही, लाल ठिपका आणि धूर, बस्स. टाळ्या मात्र सगळ्यांत कडकडीत तिच्याच.

चष्मेवाल्याने मनाची समजूत घातली होती. मायनस चारचा नंबर, तिच्या टाळ्या काय मनावर घ्यायच्या? मांजराचं पिल्लू जिन्यात अडकलं तर भरल्या ताटावरून उठणारी बाई ती. दिसत असतं तर वाजवल्या नसत्या.

मग रविवारी शेजारचे गुरुजी म्हणाले, "वहिनी, शाळा कोसळली बघा," आणि बायकोने भलतीकडेच तोंड करून टाळ्या पिटल्या. लोक हसले. चष्मेवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज शाळेची वाटली की हसण्याची, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. त्याने एवढंच ठरवलं की उद्या चष्मा द्यायचा. एकदा नीट दिसलं की ही आपणहून खुर्ची उचलून खाली येईल.

सोमवारी गच्चीतच त्याने तिच्या नाकावर चष्मा चढवला, काड्या कानामागे बसवल्या. एरवी तो गिऱ्हाइकाला दुकानाच्या दारात उभं करून नदीपलीकडच्या पाण्याच्या टाकीवरचा आकडा वाचायला लावायचा. टाकी गेल्या आठवड्यात पडली होती.

"समोर बघ. काय दिसतंय ते सांग," तो सवयीने म्हणाला.

"अगंबाई, झाडाची पानं सुटी दिसतात हो. ती पिवळी इमारत... गच्चीत दोरी आहे. निळी चादर वाळतेय. एक बाई आली बघा चादर काढायला. डावरी दिसतेय, माझ्यासारखीच."

चष्मेवाल्याला हायसं वाटलं.

तेवढ्यात तोफ वाजली. धूर विरायला मिनिटभर लागलं. गोळा कुठे पडला हे कुणालाच कळलं नव्हतं, म्हणून टाळ्या पडल्या नव्हत्या.

"चादर आहे," बायको म्हणाली. "बाई नाही."

चष्मेवाला तिच्या हातांकडे बघत राहिला. ते मांडीवर होते.

"लागला का हो, वहिनी?" गुरुजींनी विचारलं. आता सगळ्यांत स्पष्ट तिलाच दिसत होतं.

"लागला," ती म्हणाली आणि तिने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या.

टाळ्या ओसरल्यावर तिने चष्मा काढला, काचांवर तोंडाची वाफ सोडली, रुमालाने पुसून पुन्हा लावला.

"नंबर अगदी बरोबर आहे हो," ती नवऱ्याला म्हणाली. "उगाच आठ दिवस फुकट गेले."