ट्रेमधलं पाणी

धाकट्या जावेने सफरचंदाच्या फोडी भांड्यात रचल्या, त्यावर अंडी-दुधाचं मिश्रण गाळून ओतलं आणि ओव्हनचं दार उघडलं. थोरली स्टुलावर बसून बघत होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. चालवायला जीभ तेवढी उरली होती आणि आज नेमकी तीच उचलत नव्हती.

थोरलीचा मुलगा आज दोन वर्षांनी घरी येणार होता. फोनवर त्याने एकच फर्माईश केली होती, आईचं गरमागरम सफरचंदाचं कस्टर्ड. थोरलीचा हात मोडलाय म्हटल्यावर धाकटी न बोलावता येऊन ओट्याशी उभी राहिली.

बारा वर्षांपूर्वी तिने ही कृती विचारली, तेव्हा थोरलीने सगळं सांगितलं, अगदी मापासकट. फक्त भांडं उकळत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून भाजायचं, एवढं गाळलं. नव्या सुनेचं घरभर चाललेलं कौतुक तिला बघवलं नव्हतं, दुसरं काही नाही. तेव्हापासून धाकटीचं कस्टर्ड दरवेळी फुटायचं. गाठी एकीकडे, पाणी एकीकडे. तिचा नवराच त्याला सूप म्हणायचा. सगळे पोट धरून हसायचे, धाकटीही हसायची. थोरली मात्र खाली मान घालून आपली वाटी चाटूनपुसून साफ करायची, आणि तो घास तिला कधी गोड लागला नाही.

भांडं हातात धरून धाकटी ओव्हनपाशी जरा जास्तच वेळ थांबली.

"थांब," थोरली म्हणाली. "मोठा ट्रे घे. त्यात उकळतं पाणी घाल आणि भांडं त्यात ठेव. नाहीतर फुटतं ते." मग प्लास्टरकडे बघत म्हणाली, "तेव्हा मी तुला हे सांगितलं नव्हतं. मुद्दाम."

धाकटीने ट्रे काढला. कुठे असतो ते विचारलं नाही. किटलीत पाणी मघाशीच उकळलं होतं. थोरलीला वाटलं होतं, चहासाठी असेल.

"मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं, ताई."

"मग इतकी वर्षं तसंच का करत राहिलीस?"

धाकटीने सावकाश पाणी ओतलं.

"माझंही चांगलं झालं असतं, तर तुम्ही माझ्याशी बोलला असतात?"

खरं उत्तर दोघींनाही माहीत होतं. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धाकटीने दार लावलं आणि पहिल्या वेळी विचारलं होतं तसंच विचारलं, "किती वेळ ठेवू?"

"पाऊण तास."

"नक्की?"

थोरलीने डाव्या हाताने स्टूल ओढत ओव्हनसमोर नेलं आणि काचेतून आत बघत बसली.