पुण्याला शिकलेली हाळी

संयोगिताने खडू खाली ठेवला, जीभ टाळूला लावली आणि पोटातून लांबलचक हाळी दिली, "हुर्रर्र... हाऽऽ!"

सातवीचा वर्ग गप्पगार. एवढा वेळ काय तो बाजार भरला होता! आणि तोही नेमका आज, मुख्याध्यापिका उत्कर्षा मॅडम मागच्या बाकावर बसून तिचा तास बघत असताना. वर्ग तिच्या हाती राहतो की नाही, त्यावर तिची नोकरी कायम व्हायची होती. आता मात्र पोरं टकामका बघायला लागली आणि अपूर्णांक एकदाचे सुरू झाले.

तास संपल्यावर मॅडम बेहद्द खूश. व्हरांड्यात येऊन त्यांनी विचारलं, ही युक्ती कुठली म्हणून.

"पुण्याला, एका वर्कशॉपमध्ये शिकवली," संयोगिता बोलून गेली. मेंढरं वळवायची हाळी आहे, हे साताऱ्यातल्या असल्या टापटिपीच्या शाळेत कोण सांगणार?

तिने मान वळवली. खांबापाशी तिचे वडील उभे होते, केरबा. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, हातात तुपाचा डबा. जतहून पहाटेच्या एसटीने न कळवता आलेले. त्यांनी हाळीही ऐकली होती आणि पुणंही.

"आपण?" मॅडमनी विचारलं.

संयोगिताने नजर दुसरीकडे वळवली. केरबांनी तिच्याकडे एकदाच पाहिलं.

"म्या ह्यांच्या गावचा. घरनं तूप दिलंय, तेवढं पोचवाय आलतो." डबा कठड्यावर ठेवून ते लेकीला म्हणाले, "येतो मॅडम."

जन्मात त्यांनी तिला 'संयू' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. लाजेनं तिचे कान तापले. तरी बया उभीच!

केरबा मैदानातून निघाले. इकडे वर्गात पुन्हा गलका. मॅडमनी हौसेनं मोबाईल काढला. बाकीच्या शिक्षकांना दाखवायचं होतं. पुन्हा एकदा होऊन जाऊ दे, म्हणाल्या.

तिने हाळी दिली. वर्ग थांबला. आणि मैदानाच्या मधोमध केरबाही सवयीनं थबकले. मागे न बघता हाळी विरेपर्यंत उभे राहिले, मग चालू लागले.

"सुरेख! वर्कशॉप कुणी घेतलं होतं?" रेकॉर्डिंग चालूच होतं.

संयोगिता डब्याकडे बघत राहिली.

"पुण्याला नव्हतं, मॅडम. जतला. मेंढरांमागं." तिने गेटाकडे बोट केलं. "ते आत्ता गेले ना, ते माझे आबा."

मॅडमनी मोबाईल गेटाकडे वळवला. तिथं कुणीच नव्हतं.