माजिदा वळली नाही

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका कॉलेजने आपल्या बालवाडीसाठी मला विकत आणलं. तिथल्या मुली ‘बालविकास आणि कुटुंब’ हा विषय शिकत. प्रत्येकीने बालवाडीतलं एक मूल निवडायचं आणि वर्षभर त्याचं निरीक्षण वहीत लिहायचं. मी वाजले की खेळणारी पोरं धावत येऊन गोल करून बसत. बाई माझ्या खणखणीत आवाजाचं कौतुक करत. मला त्याचा फार अभिमान होता.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली अक्कलकोटची दाक्षायणी तिथे शिकत होती. तिने साडेतीन वर्षांची माजिदा निवडली. माजिदा बोलत नसे आणि माझ्या आवाजावर कधी उठत नसे. मी तिच्यावर रुसलेच होते. दाक्षायणीने वहीत लिहिलं, ‘मुलगी हट्टी आहे. बुद्धीने मंद असावी.’

दिवाळीनंतर एकदा माजिदाची आई मुमताज आली. म्हणाली, “उद्यापासून हिला पाठवत न्हाय. समदे म्हणतात, डोक्यानं कमी हाय. मारलं तरी ऐकत न्हाय की.”

‘ऐकत न्हाय’ हे शब्द ऐकून दाक्षायणी थबकली. तिने मला उचललं आणि मणी ओवत बसलेल्या माजिदाच्या पाठीमागे जाऊन जोरात वाजवलं. सगळी मुलं वळली. माजिदा ओवतच राहिली. मग दाक्षायणी तिच्यासमोर बसली, तिचा तळवा माझ्या अंगाला लावला आणि मला हलवलं. माझी थरथर त्या बोटांत शिरली. माजिदाने डोळे मोठे केले आणि दुसरा हातही ठेवला.

“हिला ऐकूच येत नाही,” दाक्षायणी म्हणाली.

मुमताजने माजिदाला कुशीत ओढलं. “मंग मी हिला मारत होते ते?”

“मीपण तेच केलं, मुमताजबी. तुमी हातानं मारलं, मी वहीत लिहून.”

दवाखान्यात डॉक्टरांनीही माजिदाला ऐकू येत नाही असंच सांगितलं. दाक्षायणीने वहीतलं ते पान फाडलं नाही. परीक्षेच्या दिवशी तिने ते स्वतः वाचून दाखवलं आणि म्हणाली, “हे मी न तपासता लिहिलं होतं.” तिचे गुण कापले गेले. जूनमध्ये माजिदा मूकबधिर मुलांच्या शाळेत जाऊ लागली.

पुढे विजेची घंटा आली आणि मी कपाटात गेले. आता अंगावर धूळ बसते. मित्रांनो, मला कुणी पुसलं नाही तरी चालेल. पण तुमच्या वर्गात कुणी हाकेला ओ देत नसेल, तर त्याला नावं ठेवण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसा.